बा लाईन धरून निघाला

ये गं सुमन, अशी जवळ बस. कागदावर का होईना, पण जवळ बस. पुण्याला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि आत्याला फोन का केला नाहीस म्हटलं की तुझं एकच उत्तर, "आत्या, लाईनच लागत नव्हती." बरं बाई, नसंल लागत. पण माझ्याजवळ लाईनीची सबब सांगू नकोस. माझा अख्खा जन्म लाईनीवर गेला.

परवा मात्र लाईन लागली, तू बाळ झाल्याची खबर दिलीस, आणि हसत हसत एक बोलून गेलीस. म्हणालीस, "मामा लय कडक होते म्हणे. पहिल्या बाळंतपणालासुद्धा तुला माहेरी सोडलं नाही. बाबा सांगतात." मी "हं" म्हटलं आणि फोन ठेवला. फोनवर सांगण्यासारखं नव्हतं ते. तुझे मामा, माझे मालक, जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्या माघारी असं बोललं जावं आणि मी नुसतं "हं" म्हणावं, हे मला सोसलं नाही. म्हणून लिहायला बसले. पोरांच्या पाट्या पुसता पुसता शिकलेलं अक्षर आहे, वाकडं येतं. समजून घे.

सेलूच्या स्टेशनापासून सांगते. माझं लग्न पोलिस अ‍ॅक्शनच्या पुढच्या उन्हाळ्यातलं. चारठाण्याच्या पलीकडं आपली वस्ती. मेंढरं आणि माणसं, दुसरं काही नाही. स्थळ आलं तेव्हा मध्यस्थ म्हणाला, "पोरगा लाईनीवर हाय." माझ्या मायनं विचारलं, "लाईन कुठं आली? जिंतुराकडं का पाथरीकडं?" तो म्हणाला, "लाईन म्हंजे रेल्वे, मावशी. सरकारी नोकरी." मायला लाईन कळली नाही, सरकारी कळलं. सरकार तरी कोणतं, ते त्या साली कुणालाच धड सांगता येत नव्हतं. निजाम गेला म्हणायचे, आणि स्टेशनावरच्या पाटीवर उर्दू तशीच होती.

बैलगाडीतून आमी सेलूला आलो. बा मात्र गाडीत बसला नाही, सारी वाट बैलांच्या बाजूनं चालत आला. तुझा आजा असाच होता. चाकावर बसलेल्या माणसाला जमीन कळत नाही म्हणायचा. स्टेशनात आला आणि पहिल्यांदा काय केलं असेल? पायातला जोडा काढला आणि रुळावर पाऊल ठेवून बघितलं. तापलेला होता रूळ. पाऊल मागं घेतलं आणि तुझ्या मामांना म्हणाला, "जावाईबापू, ही लोखंडाची वाट कुठं जाती?"

मामा नवरदेव. हळदीचे कपडे, पण लाईनीचं नाव निघालं की माणूस खुलायचा. म्हणाले, "ह्या अंगाला मनमाड, त्या अंगाला हैद्राबाद."

"आन् तुमची खोली?"

"परभणी सोडली की पुढं. लाईनीच्या कडंलाच."

"म्हंजी ही धरली की पोरीपतुर जाता येतंय."

"व्हय की. सरळ."

बानं मान हलवली. एवढं कळल्यावर त्याचा जीव जरा खाली बसला असावा. मायनं माझ्या पदरात भाकरी आणि तिळाची चटणी बांधली. तिचं रडणं थांबत नव्हतं. बा रडला नाही. गाडी हलली तसा तो खिडकीच्या बरोबरीनं थोडा चालला, फलाट संपला तसा थांबला, आणि काठी वर केली. मेंढरं दूर गेली की त्यांना दिसावं म्हणून करायचा, तशी. मी खिडकीतून बघत राहिले. काठी बारीक होत होत गेली.

खोली म्हणजे काय होती, ते तुला सांगून पटायचं नाही. परभणी आणि पूर्णा यांच्या मधोमध एक फाटक, फाटकाशी एक खोली, एक लिंब. गाव लांब. मामा गेटमन. गाडी यायच्या आधी फाटक लावायचं, झेंडी धरून उभं राहायचं, गाडी गेली की फाटक उघडायचं. प्यायचं पाणीसुद्धा लाईन दुरुस्त करणाऱ्या गँगमनच्या ढकलगाडीवरून यायचं, पिंपात. मी आले ती माणसांच्या आणि मेंढरांच्या गलबल्यातून. आपल्या वस्तीवर कधी एकटं बसायचं म्हटलं तरी एखादं कोकरू येऊन तोंड घालायचं. इथं दुपारी कान दिला तर लाईनीच्या खांबांवरल्या तारेचा गुंऽऽ असा आवाज, बाकी काही नाही. दिवसातून गाड्या जायच्या. खिडक्या-खिडक्यांतून माणसं. कुणी हात हलवायचं, कुणाचं पोरगं जीभ काढायचं. पण थांबायचं कुणी नाही. इतकी माणसं रोज डोळ्यांपुढून जातात आणि एकालाही आपल्याशी दोन शब्द बोलायचे नसतात, असं एकटेपण मी आधी बघितलं नव्हतं. पहिल्या दिवसांत मी गाडीतल्या लोकांना ऐकू जाईल असं मोठ्यानं विचारायची, "जेवलात का?" मामा हसायचे.

लाईन हा शब्द तिथं मला सारखा भेटायला लागला, आणि दर वेळी वेगळा. मामा घरात नसले की "लाईनीवर गेलेत." परभणीच्या क्वार्टरातल्या बायका स्वतःला "आमी लाईनीतल्या" म्हणायच्या, जशी काही ती जातच. स्टेशनातून आलेल्या निरोपात "लाईन क्लिअर" म्हणजे गाडीला वाट मोकळी. परभणीला रेशनचं धान्य आणायला गेलं की दुकानदार ओरडायचा, "ओ बाई, लाईनीत या." मी त्या लाईनीत उभी राहून पुढच्या-मागच्या बायकांशी पोटभर बोलून घ्यायची. माझा नंबर लवकर आला की वाईट वाटायचं. तुला हसू येईल, पण महिन्यातून तेवढीच माणसं मला भेटायची.

वर्ष-दीड वर्ष गेलं आणि मला दिवस राहिले. सातव्या महिन्यात बापानं येऊन पोरीला न्यायचं, ही आपल्यातली रीत. मामांनी सेलूच्या बाजाराला जाणाऱ्या कासाराकरवी निरोप धाडला. कासार फिरून आला तो बांगड्या भरता भरता म्हणाला, "तुझा बा निघायलाय. लाईन धरून येतो म्हनला. गाडीत बसा म्हनलं तर माझ्यावरच डाफरला. म्हनला, गाडी काय माझ्या पोरीच्या दारात थांबती का?"

ते खरंच होतं. गाडी दारात थांबत नव्हती.

मी गाठोडं बांधून ठेवलं. रोज दुपारी लिंबाखाली बसून परभणीच्या अंगाला बघायची. सरळ लाईन लांबवर बघितली तर दोन रूळ एक झाल्यागत दिसतात आणि तिथं उन्हात पाणी हलल्यागत होतं. त्या पाण्यातून कुणी काळं ठिपक्याएवढं निघालं की मी उठून उभी राहायची. गँगमन असायचा. एकदा एक म्हैस होती. मामा म्हणाले, "मी साहेबाला दरख्वास्त देतो, रजा घेतो, तुला नेऊन सोडतो." दरख्वास्त दिलीही. रजा मंजूरही झाली. नको म्हणाले ते मी. बा निघालाय, आमी इकडून गेलो आणि तो तिकडून आला तर चुकामूक होईल. बंद खोली बघून माझा बा माघारी जाईल. मामांनी माझं ऐकलं. हे नीट वाच सुमन. सोडलं नाही असं नाही. मी वाट बघत बसले आणि ते माझ्यासाठी थांबले.

बा आला नाही.

आठवा सरला, मग बैलगाडीचे धक्के सोसायचे दिवस राहिले नाहीत. गाठोडं मी सोडलं नाही, उशाला घेऊन निजायची. मनात नाही नाही ते. मेंढरांना रोग आला असंल. बा आजारी पडला असंल. आणि मग सगळ्यात वाईट विचार यायचा, की कशाचं काही नसंल, विसरली असतील. लेक दिली, गेली.

माझं बाळंतपण त्या खोलीतच झालं. गँगच्या मुकादमाची बायको होती, अमीनाखाला. पुढच्या स्टेशनातून रुळावरून चालत आली. तिचा भाऊ त्या पोलिस अ‍ॅक्शनच्या धामधुमीत घरातून गेला तो परतला नव्हता. तो येईल म्हणून अजून एका माणसाचा स्वैपाक जास्त करायची. मी कळा सोडून बापासाठी रडायलेय हे तिच्या ध्यानात आलं. माझं डोकं मांडीवर घेतलं आणि म्हणाली, "रो नक्को गे. आनेवाला देर करता, रस्ता तो नहीं भूलता." थोरला जन्मला तेव्हा मालगाडी जात होती, त्याचा पहिला ट्यांहा मला ऐकूच आला नाही. मामा दारात एका हातात हिरवी झेंडी धरून उभे, तसेच ओरडले, "काय झालं? काय झालं?"

मुलगा झाल्याचा निरोप कासाराकरवी घरी गेला. त्याच्या तोंडी उलटा निरोप आला, मायचा. "जावायाला म्हनावं, आता तरी मन मोठं करा. पोरीला धाडा." मामा माझ्याकडं बघतात, मी त्यांच्याकडं. "मी काय केलं?" म्हणाले. कासारानं हात वर केले. "मला सांगितलं ते मी सांगितलं, बापू." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. न्यायला आले नाहीत ते नाहीत, वर नवऱ्याला बोल. मी मनातून माहेर काढून टाकलं. म्हणजे काढलं असं म्हणायची. तारेचा गुंऽऽ आवाज त्या दिवसांत लय मोठा झाला होता.

दिवाळी झाली. थोरला रांगायला लागला. एका दुपारी मामा लाईनीवर लांब गेलेले, मालगाडीची वेळ, म्हणून मी फाटक लावलं आणि झेंडी घेऊन उभी राहिले. परभणीच्या अंगाला धूळ उठली. रुळाच्या कडेकडेनं. मेंढरं ओरडायलीत असं कानावर आलं. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा. पुढं काठी, काठीखाली पागोटं.

बा फाटकाच्या पलीकडं येऊन थांबला. मागं सगळा कळप. मधे फाटक, मधे रूळ.

"बाई," तो म्हणाला, जसा कालच गेला होता. "उघड की."

"उघडता येत न्हाई बा. गाडी यायलीय."

"कुठं हाय गाडी? मला तर दिसत न्हाई."

"येईल."

"बापाला बी थांबवती व्हय आता?"

"तुमी मला किती थांबवलं?" मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. बानं काठी जमिनीला टेकवली. तेवढ्यात गाडी आली, लांबलचक, कोळशाची. डब्यामागून डबा. दोन डब्यांच्या मधे बा दिसायचा, जायचा, दिसायचा. तो तिथंच काठीवर हनुवटी टेकून उभा होता. मेंढरं बुजली म्हणून त्यांना तोंडानं चुचकारत होता आणि बघत होता माझ्याकडं.

फाटक उघडलं तरी मी पुढं झाले नाही. मेंढरंच आधी आली, पायात घुसली. त्यांचा वास आला आणि मग माझ्यानं राहवलं नाही.

मामा आले, भाकरी झाली, नातवाला मांडीवर घेऊन झालं. मग मामांनी सरळ विचारलं. "मामंजी, तवा का न्हाई आलात? आमी लय वाट पाहिली."

बा नातवाच्या पायाचे अंगठे धरून बसला होता. वर न बघता म्हणाला, "आल्तो."

"कुठं आल्ता?"

"सेलूपासनं निघालो. तुमी सांगितलं तसं, लाईन धरून. परभनी आली. परभनी सोडली. पुढं जाऊन बघतो तर लाईन फुटलेली. एक ह्या अंगाला, एक त्या अंगाला." त्यानं मामांकडं बघितलं. "लोखंडाला फाटा फुटतो हे मला कोन सांगनार? तुमी तर सरळ म्हनला होता."

मामांनी कपाळावर हात मारला. परभणीच्या पुढं एक लाईन पूर्णेला आणि एक परळीला जाते, हे त्यांना इतकं रोजचं की सांगायचं सुचलंच नव्हतं.

"मग?"

"मग काय. वाट फुटली तर आमी खाली बघतो. परळीच्या अंगाला मेंढरांचे खूर होते, ताजे. लेंड्या होत्या. दुसऱ्या अंगाला नुसती खडी. म्हनलं, मेंढरं गेली म्हंजी तिकडं पानी हाय, मानसं हायत. माझी पोर तिकडंच असंल. खडीत कशाला ऱ्हाईल."

त्या खुरांमागं माझा बा चालत पोखर्णीला पोचला. नरसिंहाच्या देवळात जाऊन लोकांना विचारायला लागला, "माझी पोर लाईनीवर हाय, खोली कुठं आली?" लोक म्हणाले, कुठल्या लाईनीवर? गेटाचा नंबर काय? स्टेशन कोणतं? त्याला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. कुणीतरी हसलं. "बाबा, लाईन हैद्राबादेपतुर हाय, कुठं कुठं हुडकता?" चांदण्यांवरून वाट काढणारा माणूस, आभाळ भरलेलं असलं तरी कळप चुकवला नाही कधी. त्या हसण्यानं तो खचला. देवळाच्या ओसरीवर पडून राहिला आणि सकाळी माघारी फिरला. परभणीला परत आला तेव्हा दुसरी लाईन धरायची होती की बा, मी म्हणाले. तो म्हणाला, "ती बी पुढं फुटली असती तर?"

घरी जाऊन काय सांगणार? मेंढक्या माणूस वाट चुकला म्हणून? मायला त्यानं सांगितलं, "भेटलो. पोर सुखात हाय. जावाई सोडत न्हाई म्हनला." पुढची सारी गोष्ट त्या एका वाक्यातून झाली.

"माझ्या नावावर!" मामा म्हणाले. मला वाटलं आता भडकतात. बानं मान खाली घातली. मामा तर खो-खो हसत सुटले. "बरं झालं मामंजी. जावाई कडक असावा. सासुरवाडीत वजन राहतंय."

बानं पडशीतून एक घोंगडी काढली. इवलीशी. कोकराच्या पहिल्या कातरणीची लोकर, तिला जावळ म्हणतात, त्या जावळाची. बाळंतपणासाठी विणून घेतलेली, पोखर्णीपर्यंत गेलेली आणि माघारी आलेली, मायला दिसू नये म्हणून घोड्यावरच्या सामानात दडवलेली. आमी थोरल्याला तिच्यात गुंडाळलं तर त्याचे दोन्ही पाय बाहेर राहिले. बा ते पाय परत परत आत घालायचा. ते परत बाहेर.

दर साली गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अंगाला सरळ उतरणारा माणूस, त्यानं त्या साली अख्खा कळप वाकड्या वाटेनं फिरवून आणला होता. म्हणाला, "बरूबर मेंढरं असली की मला काई वाटत न्हाई. चुकलो असतो तर म्हनलो असतो, चारायला आलो." दोन दिवस लिंबाखाली राहिला. निघताना मामांनी काठीनं मातीत फाटा काढून दाखवला, हा पूर्णेचा, हा परळीचा, हे रूळ बदलायचे सांधे. बानं शहाण्या पोरासारखं बघून घेतलं. फाटक ओलांडताना मेंढरांना ओरडला, "चला, लाईन किलेर!" तो शब्द त्याला लय आवडला होता. पुढं प्रत्येक हिवाळ्यात तो त्या फाटकावरून गेला आणि दर वेळी तेच ओरडला.

मायला खरं सांगू का, असं मी मामांना कितीदा विचारलं. ते म्हणायचे, "म्हाताऱ्याचा शब्द ऱ्हाऊ दे." माय जाईपर्यंत जावयाशी तुटक बोलली. तुझा बाप किसन तेच ऐकत मोठा झाला. मामा सासुरवाडीला आले की कोपऱ्यात बसायचे, गुमान जेवायचे, कुणी टोमणा मारला की बाकडं बघून डोळा मिचकावायचे. बाकडं म्हणजे बाच्याकडं गं, घाईत लिहिते. दोघांचं ते गुपित होतं. बा गेला तेव्हा आपल्यात सगळ्यात जास्त रडले ते मामा, आणि तेव्हाही कुणीतरी म्हणालंच, "आता रडून काय?"

आमचं फाटक होतं तिथंच राहिलं. त्याच्यावरून राज्यं गेली. हैद्राबादचे आमी मुंबई राज्याचे झालो, मग महाराष्ट्राचे. परभणीला पेढे वाटले, मामा एक आणून मला म्हणाले, "घे, आता आपण मराठी मुलखात आलो." मी म्हणाले, मग आता तरी गाडी दारात थांबेल का? खोलीत विजेची लाईन आली ती त्याच्या लय नंतर. पोरं शिकली, नोकरीला लागली, लोक म्हणाले तुमची लेकरं लाईनीला लागली. लागली खरी. एक नाशकाला, एक त्याच्याही पलीकडं. गाडीतल्या लोकांसारखी दिसतात, हात हलवतात, जातात.

मामा रिटायर झाले तेव्हा सगळे म्हणाले गावाकडं चला, नाहीतर परभणीत चांगल्या वस्तीत जागा घ्या. यांनी जागा घेतली ती स्टेशनाच्या पुढं, लाईन फुटते तिथं. दिवसरात्र गाड्यांचा खडखडाट. मी म्हणाले, अहो, अजून लाईनीचा आवाज पुरला नाही का? तेव्हा म्हणाले, "असू दे. तुझ्या माहेरचं कुनी चालत आलं तर हितं तरी चुकू नये."

चालत आता कोण येतं? पण त्यांनी ओटा बांधला तो फाट्याकडं तोंड करून. संध्याकाळी आमी दोघं तिथं बसायचो. आता मी बसते. तारेचा तो आवाज आता नाही, दुसरे आवाज आहेत, तरी कधी कधी तो माझ्या कानात येतो. लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं, चारठाण्याचं का इथलं? मला सांगता येत नाही. चारठाण्याला गेले तर लाईनवाली आत्या आली म्हणतात, इथं अजून धनगराची लेक म्हणतात. पण ओट्यावर बसले आणि तो फाटा दिसला, की घरात बसल्यासारखं वाटतं खरं.

तर सुमन, तुझ्या बापाला हे वाचून दाखव. त्याला म्हणावं, तुझा बा निघाला होता. पोचलाही असता. आणि तुझा दाजी कडक नव्हता, त्यानं आपल्या बाची लाज चाळीस-पन्नास वर्षं स्वतःच्या अंगावर पांघरली. किसनला बरोबरच घेऊन ये. फोनची लाईन लागो न लागो. ती जावळाची घोंगडी मी जपून ठेवलीय, तुझ्या बाळाला चार दिवस तरी पुरेल. उशीर करू नकोस, लेकरांचे पाय लय लवकर लांब होतात. परभणीला उतरलात की पुढं चालत या, लांब नाही. लाईन फुटेल तिथं घाबरू नका. मी ओट्यावर उभी असेन, काठी वर धरून.